शोमधे घोडा बुजतो? आधी घरीच जजचं टेबल मांडा

आमच्या इंदूरची मुलगी २०२३ च्या एशियन गेम्समधे ड्रेसाजच्या (घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमकेपणाने करून घ्यायचा खेळ) गोल्ड टीममधे होती, तेव्हापासून इथे पोरांना या खेळाचं वेड लागलंय, पण शोला, म्हणजे स्पर्धेला, गेल्यावर घरी शहाणा असलेला घोडा एकदम वेगळाच होतो ही तक्रार सगळ्यांचीच. माझं म्हणणं असं की घोड्याला गर्दीपेक्षा 'सी' अक्षरामागे (मैदानाच्या कडेने खुणेची अक्षरं असतात, त्यातलं हे प्रवेशासमोरच्या टोकाचं) बसलेला जज, ती छत्री, फडफडणारा टेबलक्लॉथ याचंच भ्या वाटतं. म्हणून घरीच चुन्याने २० बाय ६० मीटरचं अरीना आखा, रंगाच्या रिकाम्या डब्यांवर अक्षरं लिहून ठेवा, आणि 'सी'पाशी टेबल मांडून काकांना चहा घेऊन बसवा. (आमचे काका पोह्याची प्लेट घेऊन बसले, घोड्याचं सगळं लक्ष शेवेवर.)

घोडा थबकून फुरफुरला तर टाच मारून पुढे रेटू नका, त्या वस्तूकडे तोंड करून ओढूही नका. थोडं लांबून वर्तुळ घ्या, मान किंचित आतल्या बाजूला, आणि दर फेरीला जरासं जवळ. मान खाली सोडून लांब श्वास टाकला की लगेच लगाम सैल, तेच त्याचं बक्षीस.

शोला जमलं तर आदल्या दिवशीच न्या, हाताने धरून फिरवा, सोबत ओळखीचा घोडा असला तर उत्तमच. पुढ्यात गवत असू द्या, रिकाम्या पोटी तो जास्तच चिडचिडतो. वॉर्मअपमधे दमवायच्या नादी लागू नका. आणि सुरुवातीची बेल वाजली की तुम्ही स्वतः श्वास रोखता का ते बघा, मी रोखायचो.