लिथियम-आयन सेलच्या चार्जिंग सर्किटला जादा व्होल्टेजपासून कसे वाचवावे

एका लिथियम-आयन सेलसाठी चार्जिंग सर्किट जोडताना जादा व्होल्टेजचा धोका दोन बाजूंनी येतो: चार्जर बिघडल्यामुळे सेल ४.२ व्होल्टच्या पुढे भरला जातो, किंवा ॲडॅप्टरकडूनच चार्जरच्या आयसीला न झेपणारे व्होल्टेज येते. टीपी४०५६ या एका सेलच्या चार्जर आयसीच्या तयार मॉड्यूलवर पहिल्या धोक्याची सोय असू शकते. दुसऱ्याची सहसा नसतेच.

या मॉड्यूलचे दोन प्रकार दुकानात शेजारीशेजारी ठेवलेले असतात. ‘आउट’ची दोन वेगळी टोके असतील तरच त्यावर डीडब्ल्यू०१ए ही संरक्षक आयसी आणि एफएस८२०५ए हा दुहेरी मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आहे, असे समजावे. सेलचे व्होल्टेज ४.३च्या आसपास पोहोचताच डीडब्ल्यू०१ए चार्जिंगचा मॉस्फेट बंद करते. ही मर्यादा मुद्दामच चार्जरच्या ४.२पेक्षा वर असल्यामुळे तिच्या भरवशावर साध्या पुरवठ्याने सेल भरू नये. सतत जादा भरल्या जाणाऱ्या सेलच्या ऋणाग्रावर लिथियम धातूचा थर साचू लागतो.

जोडणीतली नेहमीची चूक म्हणजे ‘बी मायनस’ (सेलचे ऋण टोक) आणि ‘इन मायनस’ (इनपुटचे ऋण टोक) ही दोन्ही टोके ग्राउंडच आहेत असे धरून एका तारेने जोडणे. मॉस्फेट नेमका या दोहोंच्या मधे असतो; त्या एका तारेने त्याला वळसा मिळतो आणि वरकरणी सारे सुरळीत चालत असताना संरक्षण संपलेले असते.

टीपी४०५६ची इनपुट मर्यादा ८ व्होल्ट आहे. एसएमएजे५.०ए हा टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचे क्षणिक झटके शोषणारा डायोड) पूर्ण झटक्यात व्होल्टेज ९.२पर्यंत चढू देतो, आणि चुकून लावलेल्या १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरपुढे तो सतत तापून जळतो. म्हणून सॉकेट आणि मॉड्यूल यांच्यामध्ये बीक्यू२४३१४सारखी आयसी बसवावी. ती ३० व्होल्टपर्यंतचे इनपुट सोसते आणि ५.८५ व्होल्टला पुढचा पुरवठा तोडते. तिची प्रवाहमर्यादा चार्जिंग प्रवाहापेक्षा थोडी जास्त ठेवावी (टीपी४०५६ला १.२ किलोओहमचा रोध असल्यास तो १ अँपिअर असतो).

सेल जोडण्यापूर्वी चाचणी घ्यावी. इनपुट व आउटपुट मोकळे ठेवून बी प्लस आणि बी मायनस यांना प्रवाहमर्यादा असलेला बेंच सप्लाय ३.७ व्होल्टवर जोडावा, मल्टिमीटरचे एक टोक बी मायनसला आणि दुसरे डीडब्ल्यू०१एच्या, चार्जिंगचा मॉस्फेट चालवणाऱ्या, तिसऱ्या पिनला लावावे, आणि व्होल्टेज अगदी सावकाश वाढवावे. ४.२५ ते ४.३५च्या दरम्यान त्या पिनवरचे व्होल्टेज खाली आले पाहिजे. ४.४पर्यंतही ते वरच राहिले, तर ते मॉड्यूल वापरू नये. आउटपुटवर व्होल्टेज दिसते म्हणून संरक्षण चालले नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण बंद मॉस्फेटच्या आतल्या डायोडमधून डिस्चार्जची वाट खुली असते.

दोन सेल मालिकेत असतील तर हे मॉड्यूल अपुरे आहे. तेथे प्रत्येक सेलचे व्होल्टेज स्वतंत्रपणे पाहणारे सर्किट लागते, कारण एकूण ८.४ व्होल्ट बरोबर दिसत असतानाही एक सेल ४.० आणि दुसरा ४.४वर असू शकतो.