रोमन नाणं: आधी कडा, मग तोंड

जुन्या बाजारातून "रोमन नाणं" घेऊन लोक रविवार पेठेत माझ्या दुकानी येतात आणि विचारतात, "काकू, चांदी खरी आहे ना?" असेलही. पण चांदी आजही मिळते, चांगल्या चांदीचं नाणं काल पाडलेलं असू शकतं. म्हणून ते कसोटीवर घासू नका. कस कळेल, वय नाही, आणि ओरखडा मात्र कायमचा राहील. दगडावर टाकून नाद ऐकायची सवयही इथे सोडा. शेकडो वर्षं जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते, एका आपटण्यात तुटू शकते.

मी आधी कडा बघते, दहापट भिंगातून. देनारियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं, दोन ठशांमध्ये धरून हातोड्याने मारलेला असतो. घावाने चांदी बाहेर पसरते, त्यामुळे काठाला बारीक चिरा पडतात, गोल वेडावाकडा होतो, चित्र मध्यावरून सरकतं. नकली नाणं बरेचदा साच्यात ओतलेलं असतं; अशा ओतीव नाण्याच्या कडेवर साच्याच्या दोन भागांची रेघ असते. ती कानशीने घालवली असेल, तर कानशीचे चरे दिसतात. मग अक्षरं पाहा. ठोकीव अक्षराची बाजू धारदार उभी असते, ओतीव अक्षर बसकं, आणि आसपास बुडबुड्यांचे बारीक खड्डे. झिजलेल्या नाण्यात उंच भाग आधी झिजतात. नाक, केस, अक्षरं सगळं सारखंच बोथट असेल, तर मी नाणं खाली ठेवते.

वजनासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. भारतात बऱ्याच ठिकाणी सापडलेला रोमन सम्राट तिबेरियसचा (इ.स. १४ ते ३७) देनारियस, मागच्या बाजूला बसलेली स्त्री आणि PONTIF MAXIM ही अक्षरं असलेला, साधारण ३.७ ग्रॅमच्या आसपास भरतो. पुढे सम्राट नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास वजन उतरवलं, साधारण ३.४ वर आणलं, आणि चांदीत तांबंही वाढवलं. म्हणून नाणं कोणाचं ते आधी ओळखा, वजन मग ताडा.

हलकं भरलं आणि काठाशी तांबं डोकावलं, तरी लगेच फेकू नका. तांब्याच्या गोलावर चांदीचा पत्रा चढवून वर ठसा मारणारे कारागीर त्या काळीही होते. त्यांची लबाडी दोन हजार वर्षांची, आणि तिलाही संग्राहक गिऱ्हाईक आहेत. कारागिरी म्हणून मला ती आवडते, खोटं कशाला बोलू.

शेवटची परीक्षा फुकटची. हाताने मारलेली दोन नाणी एकाच ठशाची असू शकतात, पण चिरा, सरकलेलं चित्र आणि काठाचा आकार दोघांचा हुबेहूब जुळत नाही. विकणाऱ्याकडे तसंच दुसरं आहे का, विचारा. दोन्हींवर एकच चीर एकाच जागी दिसली, तर दोन्ही परत द्या.