शक्ती अडवणारं पात्र लिहिताय? मग या चुका टाळा

आमच्या जळगावकडे भुताखेताच्या, मांत्रिकांच्या गोष्टी लिहिणारे खूप आहेत आणि मी हौसेनं वाचते, पण बहुतेक कथा एकाच जागी फसतात, ती म्हणजे हिरोनी समोरच्याची शक्ती अडवायची कशी.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे आजीचा ताईत. शेवटच्या पानावर तो चमकतो, मांत्रिक जळून जातो, खेळ खल्लास. अरे पण ताईत मोहिनी पण अडवतो, आग पण अडवतो, मन वाचणं पण अडवतो, मग तीस पानं आम्ही घाबरलो कशाला?

आधी हे ठरवा की शक्ती माणसापर्यंत पोचते कशातून. आवाजातून, नजरेतून, स्पर्शातून, वासातून, की नाव माहीत असल्यामुळे? जिथून येते तिथंच अडवायची. समजा मांत्रिक आवाजानी भुलवतो, तर तुमची नायिका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला ठेवा, मशीन चालू असली की तिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, मग तो कितीही गोड बोलू दे. वासावरून माग काढणारं काही मागं लागलं असेल तर मिरची कांडपाच्या गिरणीत शिरू द्या तिला. मन वाचणारा असेल तर "तिनी मनाभोवती भिंत उभी केली" असं लिहून सुटू नका, भिंत म्हणजे नेमकं काय ते दाखवा, ती मनातल्या मनात आईच्या जात्यावरच्या ओव्या म्हणतेय आणि त्याला फक्त त्याच ऐकू येताय, हे वाचकाला पटतं. आणि ओवी मध्येच विसरली की संपलं! तिथं खरी भीती आहे.

दुसरं, फुकटात अडवू देऊ नका. कान बंद केले तर पोराची हाक पण ऐकू येणार नाही ना.

जिनिंग, गिरणी, ओव्या हे सगळं सुरुवातीलाच साध्या कामाच्या ओघात येऊन गेलेलं पाहिजे. ड्राफ्ट अडकला असेल तर शेवट नका खरडत बसू, पहिली पानं उघडा.

आणि एक मनापासून सांगते, शक्तीवाली बाई दाखवायची म्हणून गावातल्या एकट्या बाईला डाकीण करू नका. सातपुड्यात या एका शब्दापायी खऱ्या बायकांनी मार खाल्लाय, 2013 ला जादूटोणाविरोधी कायदा आला तरी तो शब्द अजून जिवंत आहे.

शक्ती अडवायची म्हणजे मारामारीच पाहिजे असं पण नाही. चांगदेवांची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहितीये, वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन, चौदाशे वर्षांची सिद्धी घेऊन आले. ज्ञानेश्वर-मुक्ताई या भावंडांनी वाघाला हात पण नाही लावला, बसल्या जागेवरून भिंत चालवली. चांगदेवांची सिद्धी कुठं गेली नाही, तिचा तोराच उतरला, आणि वयानं एवढीशी मुक्ताई त्यांची गुरू झाली. व्हिलनची पॉवर शाबूत ठेवून त्याला हरवायचं कसं हे कळत नसेल तर एक दिवस मुक्ताईनगरला जा, कोथळीला मुक्ताईचं दर्शन घ्या आणि तिथून चांगदेव गावाला, तापी-पूर्णेच्या संगमावर, वही घेऊन बसा.