एक्सेलची फाइल जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करताना या चुका टाळा

परभणीतल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये कुणी ना कुणी पेनड्राइव्ह घेऊन येतंच. "सर, घरी चांगली दिसत होती, तिथं रंगच गेले." फाइल उघडायच्या आधीच मला कळतं काय झालंय ते.

सगळ्यात महागात पडणारी चूक कंडिशनल फॉरमॅटिंगची, म्हणजे आकड्याप्रमाणे सेलचा रंग आपोआप बदलणाऱ्या अटींची. एका जिनिंगला मी कापसाच्या आवकेची शीट करून दिली होती. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत हिरवा, १० पर्यंत पिवळा, १२ पर्यंत नारिंगी आणि त्याच्या वर लाल, म्हणजे गाडी परत. काट्यावरच्या मशीनला एक्सेल २००३, म्हणून एक्सएलएस या जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून दिली. दिवाळीनंतर आवक वाढली. तिसऱ्या दिवशी मुनीमजींचा फोन, "सर, लाल तर एकबी आला नाई, पण गंजी गरम लागायलीय." एक्सेल २००३ तीनच अटी पाळतं. चौथी, म्हणजे नेमकी लाल रंगाची, तिथं दिसत नव्हती. रंग नाही म्हणजे अडचण नाही असं समजून दोन टेम्पो ओला कापूस चांगल्या मालावर रिकामा झाला होता. तीच फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली तर चारही रंग जागेवर! नवं एक्सेल त्या अटी फाइलमध्ये जपून ठेवतं, त्यामुळे आपल्याकडे बघून चूक सापडतच नाही.

तेव्हापासून सेलला साधा लाल रंग भरून ठेवतो आणि बाकीच्या तीन रंगांना तीन अटी लावतो. डेटा बार आणि आयकॉन सेट, म्हणजे सेलमधल्या रंगीत पट्ट्या आणि छोटी चिन्हं, तर जुन्याच्या वाटेला लावतच नाही. क्लासमध्ये २००३ चं एक मशीन मुद्दाम ठेवलंय. त्यावर उघडून बघितल्याशिवाय फाइल हातातून सोडत नाही. पोरांना एवढाही धीर नसतो. सेव्ह करताना एक्सेलचा कम्पॅटिबिलिटी चेकर काय बिघडणार ते ओळीनं सांगतो आणि पोरं ते न वाचताच "कंटिन्यू" दाबतात. मला त्याचा खरंच राग येतो.

एक्सएलएसएक्स या नव्या फॉरमॅटच्या फाइलच्या नावातलं शेवटचं "एक्स" खोडलं म्हणजे फॉरमॅट बदलत नाही. एफ १२ दाबा आणि "एक्सेल ९७-२००३ वर्कबुक" निवडा. त्याच यादीतलं "५.०/९५" निवडलंत, तर युनिकोडमधल्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.

जुन्या शीटमध्ये ६५,५३६ ओळी आणि २५६ कॉलम मावतात. पुढचं सगळं कापलं जातं. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये १५,८४१ कोरोना रुग्णांच्या नोंदी याच मर्यादेपायी वेळेत पुढे गेल्या नाहीत. मोठी यादी असेल तर गावनिहाय शीट करा.

जुन्या फाइलमध्ये रंग ५६ च. बाकीचे जवळच्या रंगात ढकलले जातात, म्हणून फिकट छटांवर हिशेब ठेवू नका.

आयएफएरर आणि सम-इफ्स ही सूत्रं २००७ ची आहेत. जुन्या मशीनवर आधी आकडा दिसतो, पुन्हा हिशेब झाला की एरर येते.

मूळ एक्सएलएसएक्स कधीच पुसू नका. दुरुस्ती त्यातच करा आणि जुनी प्रत दर वेळी नव्यानं काढा. मी तिच्या नावात "जुनी" आणि तारीख लिहितो.

"सीएसव्हीत देतो, सगळीकडं उघडतं" हा सल्लाही ऐकू नका. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामानं तोडलेली साधी मजकुराची फाइल. त्यात उघडी असलेली एकच शीट जाते, रंग आणि सूत्रं राहत नाहीत.