कोटलिन: शोधताना अडकणारी स्क्रीन कशी सुटली
शोधाच्या स्क्रीनवर एकेक अक्षर टाइप केलं की अ‍ॅप अडकायचं. प्रोफायलर (कोडमध्ये वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) लावला, तर वेळ डेटाबेसमध्ये नव्हे, फिल्टर (घटक गाळणं), मॅप (प्रत्येक घटकाचं रूप बदलणं), फर्स्ट (पहिला घटक घेणं) या साखळीत जात होता. कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेत लिस्टवरचा फिल्टर किंवा मॅप दरवेळी नवी लिस्ट तयार करतो. आपल्याला हवा असतो एकच घटक! साखळीच्या सुरुवातीला लिस्टचा सीक्वेन्स केला. आता घटक एकेक करून पुढे सरकतो, पहिला जुळला की काम थांबतं.

तरी फिल्टर रेंगाळतच होता. त्याच्या आत वगळायच्या आयडींची लिस्ट होती, आणि प्रत्येक घटकासाठी ती पहिल्यापासून चाळली जायची. तिचा साखळीबाहेर एकदाच हॅशसेट केला; त्यात एखादा आयडी आहे का, हे सगळं न चाळता कळतं. खरा फरक इथे पडला. छोट्या लिस्टवर मात्र सीक्वेन्स बरेचदा उलट महाग पडतो, आणि मध्ये सॉर्ट (क्रम लावणं) असेल तर सगळे घटक गोळा होतातच.