‘टिक’ आणि ‘ठक’ यांच्यामधला पाव सेकंद

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून मी चाकण भागातल्या एका ईव्ही वर्कशॉपमध्ये लागलो, तेव्हा पहिले दोन आठवडे नारिंगी (हाय व्होल्टेजच्या) केबलला हात लावायची सक्त मनाई होती. काम एकच. गाडीशेजारी उभं राहायचं आणि कुणी चावी फिरवली की कान द्यायचा. आधी एक ‘ठक’, मग बारीक ‘टिक’, आणि साधारण पाव सेकंदाने पुन्हा एक भरदार ‘ठक’. तिथले सगळ्यांत जुने टेक्निशियन, ज्यांना सगळे काकाच म्हणत, रोज विचारायचे, “आज काय ऐकलंस?” मला तेव्हा हा पोरखेळ वाटायचा.

पहिला ‘ठक’ निगेटिव्ह कॉन्टॅक्टरचा (बॅटरी गाडीला जोडणारा-तोडणारा मोठा विद्युत स्विच), ‘टिक’ प्रीचार्ज रिलेची (मेन लागण्याआधी कपॅसिटर हळू भरू देणारा छोटा स्विच), दुसरा ‘ठक’ पॉझिटिव्ह मेन कॉन्टॅक्टरचा. त्यानंतर प्रीचार्ज रिले सुटते, पण तो आवाज सहसा कळत नाही. क्रम गाडीगणिक थोडा बदलतो, मधली ‘टिक’ मात्र हवीच.

इन्व्हर्टरच्या (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी बदलणारा भाग) तोंडाशी मोठा कपॅसिटर असतो, आणि रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखाच वागतो. बॅटरी पॅक ३५० व्होल्टचा, आणि सेल, केबल, फ्यूज मिळून वाटेतला रोध ०.१ ओहम धरा. थेट मेन कॉन्टॅक्टर लावला तर हिशेबाने ३५०० अँपिअर! कॉन्टॅक्टरचे संपर्क मिटताना किंचित उसळतात. प्रत्येक उसळीला आर्क (हवेतून उडणारी विजेची ज्योत), आर्कने वितळलेला धातू, आणि तो थिजला की दोन्ही संपर्क एकजीव. याला आम्ही ‘कॉन्टॅक्टर चिकटला’ म्हणतो. ४८ व्होल्टच्या ई-रिक्षाची बॅटरी जोडताना कनेक्टरवर ‘फट्’ होऊन ठिणगी उडते ना, त्याचाच हा थोरला भाऊ.

म्हणून आधी रेझिस्टरमधून वळसा, हाच प्रीचार्ज. १०० ओहमचा रेझिस्टर आणि ५०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर टाइम कॉन्स्टंट (भरण्याच्या वेळेचं माप) ५० मिलिसेकंद. सुरुवातीचा प्रवाह फक्त साडेतीन अँपिअर. १५० मिलिसेकंदांत बस (इन्व्हर्टर, हीटर वगैरेंची सामायिक हाय व्होल्टेज लाइन) ९५ टक्के भरते, २५० मध्ये जवळपास पूर्ण. फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेज स्पर्धेच्या गाड्या बनवणाऱ्या मुलांना हा ९५ टक्क्यांचा आकडा नियमावलीतूनच पाठ असतो. तरी ९५ टक्क्यांवर साडेसतरा व्होल्टचा फरक उरतोच, म्हणजे १७५ अँपिअरचा एक झटका. तो चांगला कॉन्टॅक्टर निमूट सोसतो.

आता माझी फजिती. एक छोटी मालवाहू गाडी आली, ‘रेडी’ होत नव्हती. स्कॅनरवर प्रीचार्जचा फॉल्ट. रेझिस्टर तपासला तर ओपन, म्हणजे आतून तुटलेला. मी खूश! नवा लावला, फॉल्ट पुसला, दोन-तीनदा प्रयत्न करून गाडी एकदाची चालू झाली, आणि मी जेवायला गेलो. संध्याकाळी तीच गाडी टोइंगवर परत, नवा रेझिस्टर काळा पडलेला आणि ड्रायव्हर माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, की काही बोलायची सोयच नव्हती.

काकांनी रेझिस्टरकडे पाहिलंही नाही. तिसरा लावायला सांगितला आणि लॅपटॉपवर बसच्या व्होल्टेजचा आलेख उघडला. “चावी एकदाच फिरव.” रेषा झर्रकन चढली आणि १९० व्होल्टच्या आसपास अडली. “भरतंय, पण पूर्ण नाही. मधे कोण पितंय?”

पिणारा होता कूलंट हीटर. त्याच्या आतला स्विच अधूनमधून शॉर्ट राहायचा, त्यामुळे चावी फिरवताच हीटर बसवर लागायचा. मेन कॉन्टॅक्टर लागण्याआधी बसवर कुठलाच लोड नको, हा साधा नियम तिथे मोडत होता. गणित कागदावर केलं: हीटरचा रोध सुमारे १२० ओहम, रेझिस्टर १००, ३५० व्होल्टची वाटणी झाली की बसवर १९०च्या जरा वर. रेझिस्टरवर उरलेले १६०, म्हणजे अडीचशे वॅट. तो बिचारा ५० वॅटचा! एरवी एका स्टार्टला त्याला ३१ ज्यूल गिळावे लागतात. इथे दोन सेकंदांनी टाइमआउट होईपर्यंत पाचशे. आणि ड्रायव्हर चालू होत नाही म्हणून पुन्हा पुन्हा चावी फिरवत राहिलेला. (चालू होत नाही म्हटल्यावर आपणही तेच करतो.) म्हणूनच काही गाड्यांत ठरावीक प्रयत्नांनंतर प्रीचार्ज काही वेळ बंद ठेवतात, ग्राहक वैतागतो, पण रेझिस्टर थंड व्हायला तेवढी उसंत लागते.

त्या दिवसापासून आधी आलेख बघतो, मग पाना उचलतो. रेषा जागची हललीच नाही, तर एक तर रेझिस्टर, रिले किंवा फ्यूज ओपन आहे, नाही तर पलीकडे पक्का शॉर्ट. पक्क्या शॉर्टमध्ये रेझिस्टर भाजतो, ओपनमध्ये थंड राहतो. मधेच अडली तर कुणीतरी पितंय. पूर्ण चढली पण रेंगाळत, तर रेझिस्टरचा रोध वाढलेला असू शकतो. आणि प्रीचार्ज रिले लागायच्या आतच बस उभी राहिली, तर मागे सरका: मेन कॉन्टॅक्टर चिकटलेला असण्याची शक्यता दाट. अशा गाडीत चावी काढली तरी पलीकडची बाजू जिवंत राहू शकते.

कॉन्टॅक्टर चिकटण्याची दोन कारणं पुस्तकात फारशी भेटत नाहीत. एक म्हणजे १२ व्होल्टची मरतुकडी बॅटरी. कॉन्टॅक्टर ओढून धरणाऱ्या कॉइलला पुरेसा जोर मिळत नाही, कॉन्टॅक्टर ‘टर्रर्र’ करत फडफडतो आणि प्रत्येक फडफडीला संपर्कावर आर्क. तीनशे-चारशे व्होल्टच्या गाडीत बिघाडाचं मूळ १२ व्होल्टला निघालं की नवीन मुलांना पटत नाही. दुसरं कारण कॉइलवरचा डायोड (कॉइल बंद होताना उसळणारं व्होल्टेज गिळणारा). कुणीतरी ‘सेफ्टी म्हणून’ साधा डायोड लावून ठेवतो. त्यामुळे कॉइलमधला प्रवाह हळू ओसरतो, संपर्क सावकाश सुटतात आणि आर्क लांबतो. झेनर किंवा टीव्हीएसची (ठरावीक व्होल्टेजवरच वाट देणाऱ्या डायोडची) जोड असली तर कॉन्टॅक्टर झटकन सुटतो. बदली करताना मूळ जोडणी जशी होती तशीच ठेवा. मेन टर्मिनलवर अधिक-उणे छापलेलं असेल तर तेही पाळा: आर्क ओढून विझवणारं चुंबक काही कॉन्टॅक्टरमध्ये एकाच दिशेसाठी बसवलेलं असतं.

हाताच्या सुरक्षिततेबद्दल थोडंच, कारण ते ट्रेनिंगमध्ये शिकवतातच. एआयएस-०३८ या भारतीय वाहन मानकाप्रमाणे ६० व्होल्ट डीसीच्या वर हाय व्होल्टेज सुरू होतं. क्लास ० चे (विजेपासून वाचवणारे रबरी) हातमोजे घालण्याआधी फुगवून भोक बघा. सर्व्हिस प्लग (बॅटरी तोडणारा प्लग) काढल्यावर मॅन्युअलमध्ये लिहिलेली मिनिटं खरोखर थांबा, चहा पिऊन या. आणि शून्य दाखवणाऱ्या मीटरवर विश्वास ठेवण्याआधी आणि नंतरही तो मीटर माहीत असलेल्या जिवंत सोर्सवर तपासा. मेलेला मीटरही शून्यच दाखवतो.

घरी शिकायचं असेल तर २४ व्होल्टचा सप्लाय, ६३ व्होल्टचा ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० ओहमचे पाच वॅटचे दोन रेझिस्टर आणा. कपॅसिटरचे अधिक-उणे नीट बघून एका रेझिस्टरमधून तो भरा: अडीच सेकंद लागतात, मीटरवर आकडा चढताना दिसतो. मग दुसरा रेझिस्टर कपॅसिटरला समांतर लावून पुन्हा करा. आकडा १२वर येऊन थांबेल. माझ्या त्या गाडीचा आलेख हाच, फक्त टेबलावर मावणारा.

हल्ली नव्या मुलांच्या मुलाखतीला मी बसतो. एक प्रश्न ठरलेला: १०० ओहमच्या जागी २०० ओहमचा रेझिस्टर लावला, बसवर लोड नाही, तर एका प्रीचार्जमध्ये रेझिस्टरमध्ये उष्णता किती कमी होईल? बहुतेक जण ‘निम्मी’ म्हणतात. तेवढीच होते, तेच ३१ ज्यूल. प्रवाहाचं टोक निम्मं होतं आणि वेळ दुप्पट लागतो. ज्याने घरी कपॅसिटर भरून पाहिलाय तो उत्तर देण्याआधी जरा थांबतो, आणि मी त्या थांबण्याचेही मार्क देतो.