कौन्सिलच्या घरासाठी आमचा बँड कसा बदलला

इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, भाड्याच्या घरांच्या यादीत नाव लागलं म्हणजे नंबर लागला, असं आम्ही दोन वर्षं धरून चाललो होतो. तसं नसतं. 1996 च्या हाउसिंग ॲक्टनुसार बेघर, दाटीवाटीत किंवा राहण्यालायक नसलेल्या घरात राहणारे, आजारपणामुळे घर बदलावं लागणारे अशांना आधी प्राधान्य मिळतं. बँड, म्हणजे गरजेनुसार ठरणारे प्राधान्याचे गट, मात्र प्रत्येक कौन्सिलचे वेगळे.

आम्हाला खालचा बँड मिळाला होता. लेकीला दमा, आणि झोपायच्या खोलीत भिंतभर बुरशी. जीपीचं, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं, पत्र आम्ही जोडलं होतं, पण त्यात फक्त ‘दमा आहे’ एवढंच होतं. इथंच घोडं अडलं होतं! आजार आहे हे पुरेसं नाही, घरामुळे तो कसा बळावतो ते लिहिलेलं लागतं. नवीन पत्रात डॉक्टरांनी ओल, रात्रीचा खोकला, हॉस्पिटलच्या फेऱ्या सगळं लिहिलं. सोबत तारखेसहित फोटो दिले. शिवाय लेक 12 ची, मुलगा 10 चा झाला होता. दोघं एकाच खोलीत, आणि ते आम्ही कळवलंच नव्हतं. वय वाढलं की अर्ज लगेच अद्ययावत करा, कृपा करून.

मग निर्णयाचा फेरविचार करा म्हणून लेखी मागणी केली. तो आपला कायदेशीर हक्क आहे. बँड वर गेला, आणि काही महिन्यांनी लावलेल्या बोलीवर (बोली म्हणजे पैसे नव्हेत, रिकाम्या घरासाठी पसंती नोंदवणं) तीन बेडरूमचं कोरडं घर मिळालं.